उधारीवरचे इनाम

आमच्या तिगावात किराणा मालाचे एक जुने दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आहे, आणि त्या पाटीखाली बसून दुकानदार दिवसभर उधारीच लिहीत असतो. कोणाला किती माल द्यावा आणि किती दिवस थांबावे, याचा त्याचा नियम कोठे लिहून ठेवलेला नाही. संत्र्याची बाग असणाऱ्यासाठी तो बहार उतरेपर्यंत थांबतो, मजुरासाठी आठवड्याच्या चुकाऱ्यापर्यंत, आणि माझ्यासारख्या शाळामास्तरासाठी पगाराच्या तारखेपर्यंत. एखाद्याची उचापत त्याने एकाएकी बंद केली, तर कारण कोणी विचारीत नाही. गावाला ते कळलेले असते. यालाच आपण आजवर पत म्हणत आलो. ती माणसाच्या तोंडावर दिसे, आणि गावाची शीव ओलांडली की बहुधा संपे.

आता या पतीची दुसरी एक वही निघाली आहे. ती आपल्या गावात नाही, तिच्यात लिहिणारा आपल्याला ओळखत नाही, आणि तिच्यात आपले नाव आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसते. मला ते कळले तेव्हा उशीर झाला होता. तीच हकीगत मी आज सांगणार आहे. तीत दोष माझाच अधिक आहे, आणि मी आठवीच्या वर्गाला चक्रवाढ व्याज शिकवतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सहा वर्षांपूर्वी मी शिवणयंत्र घेण्यासाठी नागपूरला गेलो होतो. दुकानाच्या दाराशी मेज मांडून एक तरुण बसला होता. त्याने मला ‘सर’ म्हणून हाक मारली, खुर्ची दिली आणि क्रेडिट कार्डाचा कागद पुढे केला. पहिले वर्ष वर्गणी माफ, दुसऱ्या वर्षापासून ५०० रुपये. प्रत्येक खरेदीवर गुण. आणि आजच सही केली तर प्रवासाची एक पिशवी भेट. पिशवी चांगली होती. ती अजून आमच्या घरी आहे आणि तिच्याइतकी महाग पिशवी आमच्या घराण्यात पूर्वी कोणी घेतली नसेल.

कार्ड आल्यावर शिवणयंत्राचे ११,००० रुपये मी त्यावरच दिले आणि बिल मुदतीत भरले. शंभर रुपयांना दोन गुण, म्हणजे २२० गुण जमले. एका गुणाचे मोल २५ पैसे. तेव्हा माझ्या इनामाची एकूण किंमत ५५ रुपये झाली. हे इनाम मागावे म्हटले तर ते मागण्याचीच फी ९९ रुपये आणि तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जवळजवळ ११७ रुपये. पंचावन्न रुपये घेण्यासाठी एकशे सतरा रुपये देणे मला जड वाटले. मी कार्ड पेटीत टाकले आणि विसरलो.

मी विसरलो, बँक विसरली नाही. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये वर्गणी आणि तिच्यावरचा कर मिळून ५९० रुपयांचे बिल निघाले. दरम्यान मी भाड्याचे घर बदलले होते आणि मोबाईलचा क्रमांकही बदलला होता. नवा पत्ता कळवावा हे मला सुचले नाही. बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली. पाचशे नव्वदावर विलंबाचा दंड, दंडावर कर, व्याज, व्याजावर कर, असे होत होत रक्कम साडेचार हजारांवर गेली. पुढे मी घराच्या कर्जासाठी पांढुर्ण्याला गेलो. पांढुर्णा २०२३ च्या ऑक्टोबरात जिल्हा झाला, त्यामुळे जागेचे भाव चढू लागले होते आणि मला घाई होती. पगाराचे दाखले, जागेचे कागद, सारे नीट होते. अधिकाऱ्याने माझे नाव यंत्रात घातले, पडदा माझ्याकडे वळवला आणि अत्यंत सौजन्याने म्हटले, “गुरुजी, तुमच्या नावावर थकबाकी दिसते आहे.”

ज्या दुकानात मला वही न उघडता साखर मिळते, तेथून काही मैलांवर मी बुडव्या ठरलो होतो. मला राग आला. परतीच्या वाटेवर तो हळूहळू ओसरला, कारण हिशेब मीच ठेवला नव्हता.

ही वही कशी चालते हे मी नंतर समजून घेतले. भारतात तिचा आरंभ २००० साली सिबिल ही संस्था निघाली तेव्हा झाला. २००५ साली संसदेने त्यासाठी कायदा केला, आणि आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने हे काम करतात. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या आपापल्या ऋणकोंची माहिती त्यांच्याकडे पाठवतात; २०२५ पासून तर ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यावरून प्रत्येकाला ३०० ते ९०० यांमधला एक आकडा मिळतो. आकडा साडेसातशेच्या वर असला की सावकार हसून बोलतो, असे स्थूलमानाने समजावे. आकड्यात सर्वांत मोठा वाटा असतो तो हप्ते तारखेला भरले की नाही याचा. मग उधारीची मर्यादा कितपत वापरली, वही किती जुनी आहे, थोड्या काळात किती ठिकाणी कर्ज मागितले, हे पाहिले जाते. आपण स्वतः आपला आकडा पाहिला तर तो घटत नाही. बँकांमागून बँकांकडे अर्ज करीत सुटलो तर घटू शकतो. आणि एक गोष्ट आपल्या गावांतून ठळकपणे सांगण्यासारखी आहे: दुसऱ्याला जामीन राहिलो तर त्याचे कर्जही आपल्या पानावर येते. शाळामास्तर हा गावाचा हुकमी जामीनदार. शब्द मोडवत नाही म्हणून आपण सही करतो, ती सही आता पुसली जात नाही.

थकबाकी कळल्यावर मी बँकेच्या वसुली विभागाला दूरध्वनी केला. पलीकडच्या गृहस्थाने मोठ्या मनाने सांगितले की, निम्मी रक्कम भरा, प्रकरण मिटवून टाकू. मला ते परवडणारे होते. परंतु आमच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला थांबवले. तडजोडीने मिटवलेल्या कर्जापुढे वहीत ‘तडजोड झाली’ असाच शेरा पडतो, आणि पुढचा सावकार त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच घेतो. मी सगळे पैसे भरले, कार्ड बंद केले आणि बाकी नसल्याचा लेखी दाखला घेतला. तरीही मागच्या छत्तीस महिन्यांचा इतिहास अहवालात राहतोच. माझ्या घराचा पाया दोन वर्षे रखडला. सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे भाव त्या दोन वर्षांत माझ्यासाठी थांबले नाहीत.

यावरून कार्ड ही वस्तूच वाईट, असे मी म्हणणार नाही. हा पेढीचा व्यवहार आहे. १९५० साली अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, १९८० साली आपल्याकडे सेंट्रल बँकेने कार्ड काढले, आणि आता ते खेड्यांतल्या खिशांतही आले आहे. बिलाच्या तारखेला सगळी रक्कम फेडणाऱ्याला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो. गावचा दुकानदारही याहून अधिक काही देत नाही. परंतु इनामाचे गुण येतात कोठून, हे मात्र पाहून ठेवावे. आमच्या दुकानदाराच्या गल्ल्यापाशी मोबाईलने पैसे देण्याची ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची पाटी आहे. त्याला मोठी रक्कम द्यायची असली की तो म्हणतो, “गुरुजी, खात्यातून द्या, कार्डातून नको.” कारण खात्यातून गेलेले हजार रुपये त्याला हजारच मिळतात, कार्डातून मोठी रक्कम गेली तर तिचा शेकडा दीड-दोनपर्यंतचा भाग मधल्या मध्ये कापला जातो. त्याच कापलेल्या भागातला एक तुकडा गुण होऊन माझ्याकडे येतो. बँक उदार झाली असे मला वाटते, आणि ते औदार्य आमच्या दुकानदाराच्या गल्ल्यातून निघालेले असते.

दुसरा भाग येतो तो, जे पूर्ण फेडू शकत नाहीत त्यांच्याकडून. बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक संपूर्ण देणे आणि दुसरा ‘किमान देय रक्कम’. वीस हजारांच्या बिलावर हा दुसरा आकडा हजाराच्या आसपास असतो, आणि तो पाहून माणसाला हायसे वाटते. हजार भरले म्हणजे दंड टळला, एवढेच खरे. व्याज मात्र खरेदीच्या दिवसापासून चालू होते, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. हे व्याज पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे द. सा. द. शे. ४२ आहे. वीस हजारांवर एका महिन्याचे ७०० रुपये, त्यावर १२६ रुपये कर, एकूण ८२६. याच वीस हजारांच्या खरेदीवर माझ्या जुन्या कार्डाचे गुण मिळाले असते शंभर रुपयांचे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा आता वरची मर्यादा आपल्यालाच घालून घ्यायची आहे. कार्डाने रोख रक्कम काढणे हे तर याहून वाईट, कारण तेथे बिनव्याजी एक दिवसही मिळत नाही आणि वर काढण्याची फी द्यावी लागते.

वर्गणीचा हिशेब सोपा आहे, पण तो सही करण्यापूर्वी करावा लागतो. पाचशे नव्वद रुपये अर्ध्या टक्क्याच्या गुणांनी भरून काढायचे तर वर्षाला १,१८,००० रुपये कार्डावर खर्च व्हायला हवेत. तिगावातल्या किती घरांचा एवढा खर्च कार्ड चालेल अशा दुकानांत होतो? आणि गुणांच्या ओढीने तो वाढवावा, तर त्याला काटकसर कोण म्हणेल?

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याला मी हे सारे सांगितले तेव्हा तो हसला. त्याच्या खिशातही कार्ड आहे, पण ते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली निघालेली ही योजना आमच्या भागात बँकांच्या सर्व कार्डांहून अधिक मोलाची आहे, आणि इनामाचा खरा मोठा आकडा मला तेथेच सापडला. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज ७ टक्के. तारखेच्या आत फेडले तर त्यांतले ३ टक्के सरकार सोसते, म्हणजे शेतकऱ्याला ४ टक्केच पडतात. लाखामागे वर्षाला ३,००० रुपये वाचले. एवढे तीन हजार माझ्या त्या कार्डाच्या गुणांनी मिळवायचे तर मला सहा लाखांची खरेदी करावी लागेल! मध्य प्रदेशात सहकारी संस्थांकडून वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पीककर्ज देण्याची योजना बरीच वर्षे चालत आली आहे; तेथे तर तारीख पाळणे हेच सगळे व्याज. आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. जमीन गहाण न ठेवता कर्ज मिळते ते कशाच्या बळावर? त्याच वहीच्या.

पण तारीख पाळणे हे मास्तराला जितके सोपे, तितके बागायतदाराला नाही. माझा पगार महिन्याला येतो. संत्र्याचा पैसा वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा येतो. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. पुष्कळजण फळे झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकतात; थोडा इसार मिळतो, बाकीचे तोडणीप्रमाणे, आणि काही तर माल दूरच्या बाजारात विकला गेल्यावर. इकडे खरिपाच्या कर्जाची सहकारी संस्थेची मुदत २८ मार्चला संपते. शेजारी म्हणाला, “गुरुजी, पैसा अजून झाडावर आहे अन् तारीख बँकेत आहे.” अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला इतके नेमके वाक्य सापडलेले नाही.

मग काय करतात? कर्ज नवे-जुने करतात. गावातल्या कोणाकडून पंधरा दिवसांसाठी लाख रुपये घ्यायचे, बँकेत भरायचे, नवे कर्ज उचलायचे आणि त्यातून त्याचे परत करायचे. हा माणूस महिन्याला शेकडा तीन घेतो. पंधरा दिवसांचे दीड हजार गेले तरी तीन हजारांची सवलत राहिली आणि वहीही स्वच्छ राहिली. हा हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता येईना. फक्त एवढेच की, नवे कर्ज मंजूर व्हायला पंधराचे पंचेचाळीस दिवस लागले, तर दीड हजारांचे साडेचार हजार होतात आणि सगळा हिशेब उलटतो. आणि दर वर्षी मुद्दल जसेच्या तसे राहते, ते निराळेच. सुट्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड वापरून पीककर्जाचा हप्ता पुढे ढकलणारा एकजण मला माहीत आहे. ४ टक्क्यांचे कर्ज चुकवण्यासाठी नव्हे, तर ते न चुकवता ४२ टक्क्यांचे आधी उचलणारा! त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे कार्डाचे बिल मोबाईलवर रोज वाजत होते, आणि संस्थेचे बिल मार्चपर्यंत गप्प होते.

कर्जाची वही ही आपल्याकडे फार जुनी धास्ती आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे आणि आसपासच्या गावांत शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. खते आणि रोखे त्यांनी हिसकावून जाळले. वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, आणि लिहिणारा सांगेल ते खरे मानावे लागे. पुढे १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि माणसे एकमेकांची वही स्वतःच ठेवू लागली. माझे वाडवडील वसईचे. तेथल्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली मोन्सिन्योर मोनिस यांच्या पुढाकाराने अशीच एक पतपेढी काढली. ती आज मोठी सहकारी बँक आहे. आरंभी तिच्याकडे पैसा थोडा होता, पण कर्ज मागणारा कसा आहे हे पंचांना ठाऊक असे. तशी ओळख आजच्या वहीला नाही. तिला फक्त तारखा कळतात. मुलगी आजारी होती, पूर आला, गारपिटीने बहार झडला, हे तिच्यात लिहायला रकाना नाही.

एक गोष्ट मात्र सुप्याच्या शेतकऱ्याला नव्हती आणि आपल्याला आहे. ही वही आपण मागून घेऊ शकतो. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा, असा नियम आहे. तो मोबाईलवरून मागता येतो. तीत चूक आढळली, फेडलेले कर्ज बाकी दिसले, न घेतलेले कार्ड आपल्या नावावर निघाले, तर तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर बाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचे. नाही केले तर दिवसाला पाचशे रुपये. न मागितलेले कार्ड गळ्यात मारून त्याचे पैसे मागण्यास तर बंदीच आहे. हे नियम रिझर्व्ह बँकेने केलेले आहेत. कार्डाचे नियम मी सही करण्यापूर्वी वाचले असते तर, असे मनात येते. पण त्या वेळी माझे लक्ष पिशवीकडे होते.

सध्या माझ्याकडे एक कार्ड आहे, बिनवर्गणीचे. त्याचे पूर्ण बिल दर महिन्याला पगाराच्या खात्यातून आपोआप कापले जाते, आणि मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मी वापरत नाही. गेल्या वर्षीच्या गुणांची एक छत्री आली. आकडा हळूहळू वर चढला आणि यंदा कर्ज मंजूर झाले.

शेजाऱ्याचा भरणा मात्र अजून व्हायचा आहे. व्यापाऱ्याने दोन गाड्या भरून नेल्या, पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. संस्थेची तारीख जवळ आली आहे. शेकडा तीनवाल्याकडे जाण्यापूर्वी उरलेल्या फळांचे काही रोख मिळते का, हे विचारायला उद्या सकाळी आम्ही दोघे पांढुर्ण्याच्या बाजारात जाणार आहोत.